वयाचा दाखला आणि पेशीचे वय

(चंद्रपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गासाठी मी हा विषय सुचवला तेव्हा काहींनी नाक मुरडले, हे माझ्या कानावर आले आहे. वनहक्काचे दावे कचेऱ्यांत धूळ खात पडले आहेत, सुरजागडचा डोंगर फोडला जात आहे, वाघाच्या भीतीने बायामाणसे सरपणाला जाईनाशी झाली आहेत. अशा वेळी मनाचे आजार आणि शरीरातील पेशींचे म्हातारपण हा विषय कार्यकर्त्यांपुढे कशासाठी? एका ज्येष्ठ साथींनी तर मला तोंडावरच सांगितले, "पोटाला भात मिळू द्या, मनाचे आजार आपोआप पळून जातील." त्यांनी या भागात उभे आयुष्य काम केले आहे आणि त्यांच्या म्हणण्यात निम्मे सत्य आहेच. उरलेल्या निम्म्यासाठी मी आज येथे उभा आहे.

प्रारंभ तहसील कचेरीपासून करतो. निराधारांचे आणि वृद्धांचे अर्ज घेऊन आपल्यातील प्रत्येकाला त्या ओट्यावर बसावे लागले आहे. समोर एक बाई येते. केस पांढरे, पाठ वाकलेली, दात गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. आपण नकळत तिला 'आजी' म्हणतो. आधार कार्ड उघडून पाहावे तो वय ५४. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेला ६५ वर्षे पुरी लागतात. कारकून सांगतो, अकरा वर्षांनी या. त्यात कारकुनाचा दोष नाही, नियम तसा आहे. बाई काही न बोलता उठते, आणि आपण पुढचा अर्ज हातात घेतो. मला त्या क्षणी नेहमी वाटत आले आहे की, कार्डावरचे वय खरे की शरीरातले, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. इतके दिवस 'शरीरातले वय' हा केवळ बोलण्याचा अलंकार होता. गेल्या साठ वर्षांत विज्ञानाने त्याला मोजमाप दिले आहे, आणि त्या मोजमापात मनाच्या यातनेचाही हिशेब लागू लागला आहे.

१९६१ साली लेनर्ड हेफ्लिक या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, माणसाच्या शरीरातील सामान्य पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या तर त्या सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. तोवर असा समज होता की, पोषण मिळत राहिले तर पेशी अनंत काळ विभागत राहील. ती का थांबते, याचे एक उत्तर गुणसूत्रांच्या टोकांशी सापडले. आपल्याकडे बुरूड टोपली विणतो तेव्हा विणून झाल्यावर काठ वळून घट्ट बांधतो. तो काठ नसेल तर कामट्या एकेक करून सुटू लागतात आणि टोपली विसकटते. गुणसूत्राच्या टोकालाही असाच एक काठ असतो, त्याला टेलोमिअर म्हणतात. पेशी विभागताना प्रत्येक वेळी हा काठ थोडा थोडा झिजतो. फार झिजला की पेशी विभागणे सोडते, नाहीतर मरते, किंवा नुसतीच जिवंत राहून आसपासच्या ऊतींत दाह पसरवीत बसते. झिजलेला काठ पुन्हा विणणारे एक विकर, टेलोमरेज, निसर्गाने काही पेशींना दिले आहे. तळ्याच्या पाण्यात राहणाऱ्या एका एकपेशीय जिवावर संशोधन करून हे कोडे ज्यांनी सोडवले, त्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या विषयाशी याचा संबंध कोठे येतो ते पाहा. ब्लॅकबर्नबाईंकडे एलिसा एपेल या मानसशास्त्रज्ञ एक प्रश्न घेऊन गेल्या: सतत काळजीत जगणाऱ्या आयांच्या पेशींवर त्या काळजीचा ठसा उमटतो काय? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५८ स्त्रिया होत्या. त्यांपैकी बहुतेकींच्या घरी दीर्घकाळ आजारी असलेले मूल होते. स्वतः त्या निरोगी होत्या, वयाने तरुण होत्या. ज्यांनी सर्वाधिक ताण सांगितला त्यांची टेलोमिअर सर्वात कमी ताण सांगणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत इतकी आखूड निघाली की, तो फरक निदान दहा वर्षांच्या वार्धक्याइतका भरला. आजाऱ्याची सेवा जितकी वर्षे केली असेल, तितका झिजेचा हिशेबही वाढत गेलेला होता.

हा अभ्यास मी प्रथम वाचला तेव्हा मला आपल्याकडील सिकलसेलच्या मुलांच्या आया आठवल्या. चंद्रपूर-गडचिरोलीत हा रक्ताचा आजार घरोघर माहीत आहे. मुलाच्या हातापायांत, पाठीत कळा सुरू झाल्या की आई रात्रभर उशाशी बसते. सकाळी त्याला घेऊन आधी उपकेंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग जिल्ह्याचे ठिकाण. रोवणीचे दिवस असले तर मजुरी बुडते, रक्त लागले तर दात्याचा शोध, आणि मूल बरे होऊन घरी आले तरी पुढची कळ कधी येईल याची धास्ती. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि २०४७ पर्यंतची मुदत घातली. तपासण्या होत आहेत, लाल-पिवळी कार्डे वाटली जात आहेत, हे चांगलेच आहे. परंतु कार्ड मुलाच्या नावाने निघते. आईची झोप कोणाच्याच रकान्यात येत नाही.

काळजी पेशीपर्यंत पोचते तरी कशी? यात जादू काही नाही. भय वाटले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन ही द्रव्ये रक्तात येतात. वाघ समोर आला असता पळून जाण्यासाठी, झाडावर चढण्यासाठी ही योजना उत्तम आहे. घटकाभरात वाघ जातो, द्रव्ये ओसरतात. परंतु जेथे भय जातच नाही, कर्ज आहे, नवऱ्याची मारहाण आहे, जमिनीवरून उठवले जाण्याची टांगती तलवार आहे, तेथे ही द्रव्ये महिनोन्महिने पाझरत राहतात. झोप मोडते, शरीरात बारीक धगीसारखा दाह चालू राहतो, पेशींतील ऑक्सिडीकरण वाढते आणि काठ विणणारे विकर मंदावते. दीर्घ नैराश्यातही बहुतांशी हेच चित्र दिसते. बोस्टन येथील डॉक्टरांनी २००६ साली मनःस्थितीच्या दीर्घ विकारांनी पीडित अशा ४४ जणांची टेलोमिअर तपासली, तेव्हा तीही निरोगी माणसांच्या मानाने आखूड निघाली.

येथे मला थोडे थांबून एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या व्यासपीठांवरून विज्ञानाचा उपयोग पुष्कळदा पताकेसारखा केला जातो. 'दहा वर्षे' हा आकडा छोट्या अभ्यासांतला आहे. पुढे मोठे अभ्यास झाले. ब्रिटनमधील एक लाखाहून अधिक लोकांच्या रक्तातील घटकांवरून शरीराचे वय काढणारा एक अभ्यास मार्च २०२३ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडला गेला. त्यात उन्माद आणि खिन्नता आळीपाळीने येणाऱ्या आजारात, म्हणजे ज्याला डॉक्टर बायपोलर म्हणतात त्यात, शरीराचे वय कॅलेंडरच्या वयाहून सुमारे दोन वर्षांनी अधिक भरले. स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ साली जनुकांवरील रासायनिक खुणांच्या ३५३ जागा तपासून वय सांगणारे आणखी एक 'घड्याळ' बनवले. ही घड्याळे एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत. शिवाय आधी मन खचले म्हणून पेशी झिजल्या, की शरीर खंगले म्हणून मन खचले, हा गुंता पुरता सुटलेला नाही. तंबाखू, दारू, कुपोषण, झोपेचा अभाव यांचे धागेही त्यात आहेत. तरीही एक गोष्ट आकड्यांच्या वादापलीकडे सिद्ध आहे आणि ती जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितली आहे: तीव्र मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात. त्यांतली बहुसंख्य आत्महत्येने मरत नाहीत. ती हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार अशा, इतरांत उपचाराने आटोक्यात राहणाऱ्या रोगांनी मरतात. काही औषधांनी वजन वाढते, हा त्यातला एक भाग. त्याहून मोठा भाग असा की, वेडा ठरलेल्या माणसाच्या छातीत दुखते हे कोणी खरे मानत नाही.

अकाली वार्धक्य वर्गवार वाटलेले असते, हे सांगण्यासाठी मात्र गुणसूत्रांपर्यंत जाण्याची गरज नव्हती. एंगेल्सने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारांवर पुस्तक लिहिले, त्यात गिरण्या आणि खाणींतील माणसे ऐन उमेदीत म्हातारी होतात हे नोंदवलेले आहे. १९६७ पासून लंडनच्या सरकारी नोकरांचा जो प्रसिद्ध अभ्यास झाला, त्यातले सर्व लोक पोटभर जेवणारे, पक्क्या घरात राहणारे होते. तरीही सर्वात खालच्या श्रेणीतील नोकरांचे मृत्युमान सर्वात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. खालच्या पायरीवर कामावर स्वतःचा ताबा नसतो, वरून येणारा हुकूम झेलायचा असतो. भाताचे ताट भरलेले असूनही माणूस झिजतो, हे त्या अभ्यासाने दाखवले. आमच्या ज्येष्ठ साथींना माझे पहिले उत्तर हे आहे.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे या. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. आजही दुःखाच्या दृष्टीने तो एकच आहे, फक्त दुःखाचे प्रकार जागोजाग वेगळे. दुर्गापूरचे औष्णिक केंद्र, घुग्घुस-बल्लारपूरच्या कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने यांनी वेढलेल्या चंद्रपूरला २००९ च्या केंद्रीय प्रदूषण मोजणीत ८३.८८ गुण मिळाले आणि देशातील सर्वाधिक दूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथा क्रमांक लागला. हवेतील सूक्ष्म धुळीचाही पेशींच्या झिजेशी संबंध परदेशी अभ्यासांतून दिसला आहे. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात वाघाचे भय आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायांनी काय केले असेल? हंगाम चार आठवड्यांचा, वर्षाची मीठमिरची त्यावर चालते. फळीवर पुडे मोजून द्यायचेच असतात. पहाटे अंधारात त्या पुन्हा जंगलात जातात, मागेपुढे पाहत, मोठमोठ्याने बोलत. मृतांच्या वारसांना शासन नुकसानभरपाई देते. जी जिवंत परत आली आणि त्यानंतर रात्री दचकून उठते, तिच्यासाठी कोणताही अर्जाचा नमुना नाही.

गडचिरोलीत याच्या जोडीला बंदूक आली. १९८० नंतरची चार दशके तेथील गावांनी दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये काढली. रात्री एकाने जेवण मागायचे, सकाळी दुसऱ्याने त्याचा जाब विचारायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत एका मोठ्या नेत्यासह साठावर नक्षलवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली. हे घडले ते बरेच झाले. पण ज्या पोराने लहानपणी घराच्या अंगणातून कोणाला तरी ओढून नेताना पाहिले, त्याच्या छातीतली धडधड शस्त्रांबरोबर जमा होत नाही.

एक आकडा मात्र आपल्याच भूमीतला आहे आणि तो मी फार महत्त्वाचा मानतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांतील मृत्यूंचा पाठपुरावा केला. २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मलेरिया, क्षय, साप यांना मागे टाकून मृत्यूचे पहिले कारण निघाले पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे एक. आणि बहुतेक सर्व घरीच मेलेले. रक्तदाब हा श्रीमंतांचा, खुर्चीत बसणाऱ्यांचा रोग असे आपण समजत होतो. जंगलात दिवसभर चालणाऱ्या माणसाच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटते, तेव्हा त्या समजाचे काय करायचे? पक्षाघाताची कारणे अनेक आहेत, मीठ आहे, तंबाखू आहे, वेळेवर न मोजलेला रक्तदाब आहे. तरी सततचा मानसिक ताण आणि नैराश्य यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, हेही वैद्यकशास्त्र सांगते.

तंबाखूचा विषय निघालाच आहे म्हणून खर्ऱ्याबद्दल दोन शब्द. खर्ऱ्याशिवाय आपल्याकडे बैठक होत नाही, आपली सुद्धा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. त्या बंदीसाठी बायांनी पायी मोर्चे काढले होते, ते मी विसरलेलो नाही. बंदीच्या बाजूने मी होतो आणि आहे. परंतु पिणारा माणूस हा केवळ दुर्वर्तनी, असे समजून आपण जी भाषणे करतो ती अर्धवट आहेत. पुष्कळ जण झोप येत नाही म्हणून पितात, आणि पिण्यामुळे आणखी खिन्न होतात. त्या खिन्नतेवर इलाज केल्याशिवाय बाटली सुटत नाही. बंदीची मागणी करणाऱ्यांनी व्यसनमुक्तीच्या दवाखान्याची आणि मानसोपचाराची मागणी त्याच पत्रकात करायला हवी होती.

आता आमच्या ज्येष्ठ साथींना दुसरे उत्तर. सर्वच मनोविकार दारिद्र्यातून येत नाहीत. छिन्नमनस्कता जमीनदाराच्या वाड्यात होते, मजुराच्या झोपडीत होते, आणि समतेचे राज्य आले तरी होणार आहे. तिला औषध लागते. आपल्या चळवळीतील काहींना औषध म्हटले की कंपन्यांचा नफा आठवतो. म्हणून मी एका औषधाची कथा सांगतो. लिथियम हा साधा क्षार आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा गुण दाखवून दिला. निसर्गातला क्षार असल्यामुळे त्यावर कोणाला पेटंट घेता येईना, आणि त्यामुळे त्याचा गवगवा करण्यात कोणत्याही कंपनीला रस नव्हता. आजही ते स्वस्तातले औषध आहे. स्वीडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात तर दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्या रुग्णांची टेलोमिअर अधिक लांब आढळली. यावरून उपचाराने झीज थांबते असा डांगोरा मी पिटणार नाही. पण झीज हे विधिलिखित नाही, अशी आशा धरायला जागा आहे. मात्र लिथियम देताना रक्तातील त्याची पातळी वेळोवेळी तपासावी लागते, थोडे अधिक झाले तर ते विष ठरते. म्हणजे गोळी स्वस्त, पण प्रयोगशाळा जवळ हवी. आणि प्रयोगशाळा बाजार उभारत नाही, ती शासनालाच उभारावी लागते. भामरागडच्या माणसाला ही तपासणी कोठे करून मिळते, हा माझ्या दृष्टीने समाजवादाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. आपले नागपूरचे. भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडच जगापासून तुटते. अशा वेळी बिथरलेल्या मुलाला बाप काय करतो? खाटेला बांधतो. गावचा पुजारी बोलावतो. त्या बापाला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला तेव्हा येईल, जेव्हा त्याच्यापुढे आपण दुसरी वाट ठेवू. पण जेथे आजाराचे खापर दुसऱ्या कोणावर फुटते, तेथे मात्र गप्प राहता येणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील एका गावात जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतील म्हाताऱ्या माणसांना, बायकांना चौकात बांधून मारले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. कायद्याने मारणाऱ्याला शिक्षा होईल, पण गावातल्या आजाऱ्याला डॉक्टर मिळाला नाही तर उद्या दुसरी म्हातारी संशयात सापडेल.

१९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ साली त्याचा जिल्हा कार्यक्रम झाला. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शेजारचे छत्तीसगड होते. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक सुरू आहे, त्यावर मराठीत बोलता येते. त्याचा उपयोग जरूर सांगा. परंतु माडिया बोलणाऱ्या बाईला आपले दुःख आधी परक्या भाषेत उतरवावे लागते आणि मग ते फोनवर सांगावे लागते, हे विसरू नका. दुःख सांगायची भाषा ही आईची भाषा असते.

विज्ञानाने कारण दाखवले की कलंक आपोआप धुतला जातो, असा भाबडा विश्वास मी बाळगत नाही. महारोगाचा जंतू हॅन्सनने १८७३ साली शोधला. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १९४९ मध्ये, बाबा आमट्यांना वरोऱ्याला आनंदवन वसवावेच लागले, कारण जंतू सापडला तरी माणसे गावाबाहेरच होती. हिंदू विवाह कायद्यातून महारोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली वगळले गेले. मनोविकार हे कारण त्या कायद्यात आजही आहे. पेशींच्या या नव्या शास्त्राचाही उद्या दुरुपयोग होऊ शकतो. अमेरिकेत तुमचे टेलोमिअर मोजून देणाऱ्या आणि तारुण्याची गोळी विकणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. विमा कंपनी किंवा ठेकेदार म्हणेल, 'याचे पेशीचे वय जास्त, याला कामावर नको.' मुलगी पाहायला आलेली मंडळी म्हणतील, 'हिच्या आईला वेडाचा आजार, हिच्या रक्तातच झीज.' म्हणून मोजमाप करायचे ते माणसाला छापा मारण्यासाठी नव्हे. त्याला झिजवणाऱ्या परिस्थितीचा पुरावा म्हणून करायचे.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. ती आपल्या घरातली आहे. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःचे जीवन संपवले. आपण पंचाहत्तर वर्षे त्या घटनेला त्यांच्या हळव्या अंतःकरणाचे, देशाच्या अधोगतीने झालेल्या वेदनेचे नाव देत आलो. त्यांना काय झाले होते याचे निदान करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. परंतु त्यानंतर आपल्या चळवळीने तरी काय केले? पूर्णवेळ कार्यकर्त्याला रात्री झोप लागत नाही, तो सभेत अकारण चिडतो, चार महिने शाखेवर फिरकत नाही, तेव्हा आपण म्हणतो, 'त्याची निष्ठा ढळली.' ती माणसे आपल्यात आज बसलेली आहेत. निष्ठेने पेशी झिजायच्या थांबत नाहीत, साथींनो. उलट, ज्याला विश्रांती घेणे म्हणजे द्रोह वाटतो, त्याचा काठ लवकर सुटतो.

आता करायचे काय ते सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, तो २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे. त्याचे अठरावे कलम प्रत्येक तालुका समितीने वाचले पाहिजे. शासनाच्या यादीतील आवश्यक मानसोपचाराची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णालयापासून वर, सर्वत्र मोफत आणि सदैव मिळाली पाहिजेत असे ते कलम सांगते. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसतील तर त्या जिल्ह्यातील दुसऱ्या ठिकाणी झालेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसायचा आहे. हा हक्क आहे, मेहरबानी नव्हे. मात्र हक्क मागायला पुरावा लागतो. म्हणून प्रत्येक तालुक्यातील दोन साथींनी महिन्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीशी जाऊन कोणती गोळी आहे आणि कोणती नाही हे तारीखवार वहीत लिहावे. मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी आले, आले नाहीत, तेही लिहावे. कोरची आणि सिरोंचा येथील वह्या एकत्र ठेवल्या की जिल्ह्याचे चित्र आपोआप उभे राहील.

दुसरे काम तहसील कचेरीतले. ६५ वर्षांची अट तेंदूपाने तोडणाऱ्या, रोवणी करणाऱ्या, खाणीत आयुष्य घालवलेल्या माणसाला लागू करणे अन्यायाचे आहे, हे आपण आजवर भावनेने म्हणत होतो. ती अट अंगमेहनत करणाऱ्यांसाठी ५५ वर आणावी असा ठराव मी आपल्यापुढे ठेवतो. त्यासाठी येत्या हंगामात फळीवर येणाऱ्या ४५ वर्षांवरील प्रत्येक बाईची, तिच्या संमतीने, एक साधी नोंद करावी: कार्डावरचे वय, रक्तदाब, घरात दीर्घ आजारी कोणी आहे काय, आणि रात्री झोप लागते काय. आशाताईंना बरोबर घ्या. शेवटचा प्रश्न माडियात किंवा गोंडीत विचारा, आणि तो विचारल्यावर घाई करू नका. उत्तर यायला वेळ लागतो.